आधी ऐकावे, मग बोलावे

नव्या वाद्यवृंदाचे भवितव्य पुष्कळदा त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर श्रोते काय म्हणतात यावर ठरते. नामवंतांची एखादी तबकडी फसली तरी लोक पुढचीची वाट पाहतात. नवख्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणून पहिल्या तबकडीवर मत देताना श्रोत्याने थोडे पथ्य पाळावे, असे मला वाटते. ते न पाळल्याने काय होते, याचे एक बोलके उदाहरण इटलीत घडले.

म्यूझेओ रोझेनबाख हा पाच जणांचा वाद्यवृंद वायव्य इटलीच्या लिगुरिया या किनारी प्रांतातला. १९७३ साली रिकोर्दी या नामांकित कंपनीने त्यांची ‘झरतुस्त्रा’ ही पहिली तबकडी काढली. तो काळ प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बहराचा. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडायची आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्यासारखी दीर्घ रचना रॉकच्या वाद्यांवर उभी करायची, ही इंग्लंडमधून आलेली हौस इटलीने मोठ्या आपुलकीने उचलली होती. प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी आणि बांको देल मुतुओ सोक्कोर्सो यांच्या पहिल्या तबकड्या १९७२ मध्येच आल्या होत्या. बांकोच्या तबकडीचे वेष्टन तर पैसे साठवायच्या मातीच्या गल्ल्याच्या आकाराचे होते. वेष्टनावरून लक्ष वेधून घेण्याची तेव्हा चढाओढच होती म्हणा ना!

‘झरतुस्त्रा’चे वेष्टन मात्र अंगाशी आले. काळ्या पार्श्वभूमीवर चित्रांचे तुकडे जोडून केलेली आकृती, आणि त्या तुकड्यांत मुसोलिनीचा अर्धपुतळा! त्यात विषय नीत्शेचा, आणि रचनेच्या एका भागाचे नाव ‘सुपरउओमो’ म्हणजे अतिमानव. एवढे पुरेसे झाले. पोरे फॅसिस्ट आहेत, असा बोभाटा झाला. आपला त्या विचारसरणीशी काही संबंध नाही, हे वाद्यवृंदाचे म्हणणे फारसे कोणी ऐकले नाही. तबकडी मागे पडली आणि थोड्याच काळात वाद्यवृंदही मोडला.

त्या वेळच्या श्रोत्यांना सरसकट अडाणी ठरवून मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. मुसोलिनीला मरून तेव्हा अठ्ठावीसच वर्षे झाली होती. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या फोंताना चौकातल्या बँकेत बाँब फुटून सतरा माणसे मेली होती आणि नवफॅसिस्टांचे नाव लोकांच्या तोंडी होते. रॉकच्या मैफलींना गर्दी करणारी तरुण मुले बहुतांशी डावीकडे झुकलेली. अशा घरात तो पुतळा गंमत म्हणून आणता येत नाही. वेष्टन करणाऱ्यांची ही चूकच होती, आणि त्या चित्रावर लोक संतापले असतील तर तो त्यांचा हक्कच होता.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. राग चित्राचा होता आणि शिक्षा संगीताला झाली. या गीतांतला अतिमानव कोणावर राज्य करायला निघालेला नाही. निसर्गाशी जुळवून घेऊ पाहणारा, जुन्या नीतिनियमांना प्रश्न विचारणारा असा तो माणूस आहे. खुद्द नीत्शेच्या वाट्यालाही हेच आले होते. तो १९०० साली वारला. त्याची कागदपत्रे सांभाळणारी बहीण पुढे नाझींच्या गोटात गेली आणि कित्येक वर्षे लोकांनी त्याला तिच्या चष्म्यातून वाचले.

आता तबकडीविषयी. पहिली बाजू म्हणजे वीसेक मिनिटांची, पाच भागांची सलग रचना. सुरुवातीला एक संथ, उदास सुरावट येते, हॅमंड ऑर्गन आणि गिटारच्या धुमश्चक्रीत हरवते, आणि शेवटच्या ‘इल तेंपियो देल्ले क्लेसिद्रे’ म्हणजे ‘वाळूच्या घड्याळांचे मंदिर’ या भागात मेलोट्रॉनवर पुन्हा उभी राहते. मेलोट्रॉन हे अजब वाद्य. प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित फितीचा तुकडा असतो, आणि तो आठेक सेकंदांत संपतो. संपण्याआधी बोट उचलून पुन्हा दाबावे लागते. त्यामुळे त्यातल्या व्हायोलिनच्या ताफ्याला सतत धाप लागल्यासारखी वाटते. ती धापच इथे कामी आली आहे. स्तेफानो गालिफीचा आवाज भरड, थेट छातीतून येणारा. मला इटालियन येत नाही, तरी तो आवाज समजावून सांगावा लागत नाही. उणिवा आहेतच. ध्वनिमुद्रण गढूळ आहे. दुसऱ्या बाजूच्या तीन गाण्यांत जोम आहे, पण पहिलीची बांधणी नाही.

पुढे काळाने कूस बदलली. ऐंशीच्या दशकात जपानमध्ये तबकडी पुन्हा निघाली, जुन्या मूळ प्रतींसाठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजू लागले, आणि तीच तबकडी आता ‘अजोड’ ठरली. मला हे मतही तितकेच संशयास्पद वाटते. पूर्वी वेष्टन पाहून नाके मुरडली, आता किंमत पाहून माना डोलतात. कान दोन्ही वेळी रिकामेच!

आजचे काही श्रोते मात्र वेगळ्या तऱ्हेने भांडतात. कोणी म्हणतो, गालिफीचा आवाज रचनेला जड होतो. कोणी म्हणतो, त्याच्यावाचून रचना कोरडी झाली असती. कोणाला यात इंग्रजी वाद्यवृंदांची नक्कल दिसते, कोणाला त्यांच्याहून जास्त दाह. ही भांडणे मला फार आवडतात, कारण ती तबकडी ऐकल्याशिवाय करता येत नाहीत. १९७३ साली त्या पाच जणांना हवी होती ती हीच. कडक टीका त्यांना पुढच्या तबकडीसाठी उपयोगी पडली असती. बहिष्काराचा काय उपयोग?

माणसे तशी वाया गेली नाहीत. ढोलवादक जानकार्लो गोल्झी १९७५ मध्ये मातिया बाझार या लोकप्रिय वाद्यवृंदाच्या संस्थापकांत होता आणि २०१५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. गालिफी पुढे जेनोव्हाच्या तरुणांबरोबर गायला. त्यांनी आपल्या वाद्यवृंदाला नाव दिले ‘इल तेंपियो देल्ले क्लेसिद्रे’, आणि २०१० मध्ये त्यांची पहिली तबकडी आली. म्यूझेओ रोझेनबाखही पुन्हा जमला. २०१३ मध्ये त्याची ‘बार्बारिका’ निघाली. पण विशी-पंचविशीत जी दुसरी, तिसरी तबकडी व्हायची, ती राहूनच गेली. चाळीस वर्षांनी तिची भरपाई होत नसते.

पथ्य म्हणतो ते एवढेच. वेष्टन पालथे ठेवावे, किंमत विचारू नये, तबकडी दोनदा पुरती ऐकावी. मग खुशाल वाईट म्हणावे.