वीस गुणांचे इंग्रजी

शाळेतील भाषांच्या प्रश्नावरून २०२५ साली महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा शासननिर्णय निघाला, त्यास विरोध झाला आणि २९ जून रोजी तो मागे घेण्यात आला. या कोलाहलात मराठी व हिंदी यांच्या बाजूने पुष्कळ बोलले गेले. परंतु ज्या भाषेच्या ओढीने पालक गावातील शाळा सोडून मुलाला खासगी शाळेच्या गाडीत बसवितात, त्या इंग्रजीच्या अध्यापनाचा प्रश्न बाजूलाच राहिला.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे दहावीला बसणारा विद्यार्थी आज दहा वर्षे ही भाषा शिकलेला असतो. या दहा वर्षांची खरी कसोटी मुंबई-पुण्यात लागत नाही. ती नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या तालुक्यात लागते. गोसेखुर्दच्या पाण्याने ज्याची गावे उठविली, त्या या शेतकऱ्यांच्या मुलुखात इंग्रजी घरी वा बाजारात सहसा कानावर पडत नाही. वर्गात ऐकू आली तर आली. आणि प्राथमिक वर्गात गणितापासून इंग्रजीपर्यंत सारे विषय बहुधा एकच गुरुजी शिकवितात.

मुलांच्या चुका पाहिल्या तर त्या आळसाच्या नसून मराठीच्या घडणीतून आलेल्या दिसतात. ‘रामाने पोळी खाल्ली’ आणि ‘रामाने आंबा खाल्ला’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते; इंग्रजीत कर्मासाठी ते कधीच बदलत नाही. ‘तो पाच वर्षांपासून कुहीत राहतो’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात शोभते; इंग्रजी तेथे ‘हॅज लिव्ह्ड’ मागते. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना तर मराठीत जोडच नाही. हा भेद मराठीतून दोन वाक्यांत समजावता येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविली ती मराठीचा हात धरूनच. त्या पद्धतीने बोलता येत नसे, हा आक्षेप रास्त आहे. पण मराठीला वर्गाबाहेर काढून बोलणे आले, असेही झालेले नाही. याच तालुक्यातील अंभोऱ्याशी परंपरा मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चे नाते सांगते (आंबेजोगाईकरांना ते मान्य नाही, ही गोष्ट वेगळी). अवघड शास्त्र लोकभाषेतून उकलण्याचा कमीपणा निदान या भूमीने तरी मानू नये.

बोलणे येत नाही, कारण ते कोणी खरोखर तपासत नाही. भाषाविषयांत ऐंशी गुण लेखी आणि वीस गुण शाळेच्या हाती, अशी दहावीची व्यवस्था आहे. हे वीस गुण श्रवण-भाषणासाठी असले, तरी ते खिरापतीसारखे वाटले जातात अशी ओरड झाली आणि २०१९च्या परीक्षेत ते काढून टाकण्यात आले. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल त्या वर्षी ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, तेव्हा सारी घसरण या वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. पण अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांची मुले पुढे जाणार, या भीतीने पालक अस्वस्थ झाले आणि पुढच्याच वर्षापासून गुण परत आले. ते काढताना आणि देताना चर्चा झाली ती टक्केवारीची. कुहीच्या मुलाला इंग्रजीत चार वाक्ये बोलता येतात काय, हे त्यातून कोणालाच कळले नाही.

बारावीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकास बाहेरचा परीक्षक येतो. दहावीच्या तोंडी परीक्षेस तो का नसावा? दुसऱ्या शाळेचा शिक्षक पाच मिनिटे समोर बसला, तर वर्षभर वर्गात मुलांना बोलते करणे भाग पडेल. राज्यभरातील लाखो विद्यार्थ्यांसाठी हे खर्चाचे व दगदगीचे आहे, हे कबूल. तेव्हा आरंभ एखाद्या तालुक्यापासून व्हावा, आणि तो शहरालगतचा नसावा.