मशीन आपले, ज्ञान मात्र दुसऱ्याचे

कोकण किनाऱ्यावर केवळ शिडावर चालणारी होडी आता विरळाच. मिरकरवाडा असो वा हर्णे, लहान होडीच्या पाठीमागे आउटबोर्ड मशीन लटकलेले दिसते. मोठी रक्कम घालून आपण ते घेतो. पण बंद पडले की मिस्त्रीची वाट पाहात बसतो. होडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. खाडीच्या तोंडावर लाटांत बंद पडले तर प्रश्न जिवाचाच. आमचे स्पष्ट मत आहे की, या मशीनची बरीचशी दुखणी मालकाला स्वतः टाळता येतात.

लहान टू-स्ट्रोक मशीनला वंगण मिळते ते इंधनात मिसळलेल्या ऑइलमधूनच. कंपनीच्या पुस्तकात ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल मोजूनच घालावे. कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो.

मशीन थंड राहते समुद्राच्याच पाण्यावर. खालचा रबरी पंखा पाणी वर ढकलतो व बाजूने त्याची बारीक धार पडते. धार थांबली की मशीन ताबडतोब बंद करावे आणि पाणी आत घेणारी जाळी चिखलाने वा प्लॅस्टिकने तुंबली आहे काय ते पाहावे. किनाऱ्यावर आल्यावर पिंपातल्या गोड्या पाण्यात थोडा वेळ चालवावे, म्हणजे आत मीठ साचत नाही. गिअरचे ऑइल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले असे समजावे व सील बदलावे.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात टाकी व कार्बोरेटर रिकामे ठेवावेत. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि पाणी तळाशी बसते. मग ऑगस्टमध्ये दोरी ओढून खांदा दुखतो, मशीन सुरू होत नाही.

दुकानदार बांधवांनाही आमचे सांगणे आहे. बंदराजवळ प्लग, पंखा, सील जरूर ठेवा. पण नकली माल असली म्हणून विकू नका. तुमच्या चार पैशांच्या नफ्यापायी भर समुद्रात कुणाचा तरी जीव टांगणीला लागतो. गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी मोटारसायकलबरोबर हेही काम शिकावे. बंदरावर चांगल्या मिस्त्रीला काम कमी पडत नाही.

शेवटी एकच विनंती. मशीन कितीही चांगले असो, शीड आणि वल्हे होडीतून उतरवू नका.