धुराचं मशीन आणि आपलं पिंप

धूर मारायचं मशीन गल्लीत आलं की पोरं त्याच्यामागं धावत सुटतात, बायका पटापट दारं-खिडक्या लावून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून येतो. झाला डेंग्यूचा बंदोबस्त!

मैत्रिणींनो, त्या धुरानं मरतात ते त्या वेळी हवेत उडणारे डास. डेंग्यूचा एडिस डास मात्र आपल्या घरात, पलंगाखाली, कपाटामागं, खुंटीवरच्या कपड्यांच्या आड बसलेला असतो. आणि दारं तर आपण लावून घेतलेली! पिंपातल्या अळ्यांना तर धुराचा पत्ताच नसतो. आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. गटारावर पावडर मारण्याचंही तसंच. गटारात डास होतात हे खरं, पण ते वेगळे. एडिसला घाण पाणी नको, त्याला आपल्यासारखंच साठवलेलं, स्वच्छ पाणी लागतं. २००६ साली चिकुनगुनियानं कितीतरी गावांत घरंच्या घरं आडवी केली, सांधे धरलेल्या बायका भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात जायच्या, तोही याच डासाचा प्रताप.

हा डास फार लांब उडत नाही. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुतेक वेळा आपल्याच घरात नाहीतर शेजारी जन्मलेला असतो. आशाताईंबरोबर घरोघरी फिरताना आम्हाला अळ्या सापडल्या त्या जागा ऐका. फ्रिजच्या मागचा ट्रे, जो कुणी वर्षानुवर्षं बघत नाही. कूलरच्या तळाचं पाणी. मनीप्लँटची बाटली. तुळशीच्या कुंडीखालची ताटली. पाखरांसाठी मायेनं ठेवलेलं भांडं. नारळाच्या करवंट्या. आणि पत्रे उडू नयेत म्हणून घरावर टाकलेले जुने टायर! त्या टायरात पावसाचं पाणी साठतं आणि खालून कुणाला दिसत नाही.

पण सगळ्यात जास्त अळ्या कुठं, तर पाण्याच्या पिंपात आणि हौदात. इथं मला जरा बोलायचंय.

आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळा, सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. अंड्यातून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, मध्येच पाणी काढलं की साखळी तुटते. पण हा सल्ला चोवीस तास नळ असलेल्या घराला सोपा. ज्या गावात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही कधी पहाटे तीनला, तिथल्या बाईनं भरलेलं पिंप ओतून द्यायचं? मनमाडनं तर वर्षानुवर्षं उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवसांनी नळ येण्याचे दिवस काढले. तिथल्या बाईला ‘पाणी ओता’ म्हणून सांगून बघा!

बरं, तपासणीत अळ्या सापडल्या की काय होतं? नोटीस निघते नवऱ्याच्या नावानं आणि बोलणी खाते बायको. ‘दिवसभर घरात असतेस, एवढं बघता येत नाही?’ पाणी का साठवावं लागलं, हे कुणी विचारत नाही.

यावर आमच्या महिला मंडळानं एक साधा उपाय धरला. कोरडा दिवस पालिकेच्या कागदावरचा शनिवार नाही, तर आपल्या गल्लीत पाण्याची पाळी असेल तो दिवस. त्या दिवशी पिंप तसंही तळाला गेलेलं असतं. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून बादलीत काढायचं, पिंप आतून काथ्यानं खसाखसा घासायचं आणि मगच भरायचं. घासणं महत्त्वाचं बरं का! एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला. ती इतकी बारीक असतात की सहज नजरेत येत नाहीत, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. नुसतं ओतून ‘केलं साफ’ म्हणणाऱ्या घरात पुन्हा अळ्या निघतात त्या यामुळंच. भरलेल्या पिंपावर जुन्या सुती साडीचं फडकं घट्ट बांधायचं. झाकण कडेला उचललेलं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. रिकामा करता येत नाही अशा मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. आणि गच्चीवरच्या टाकीवर चढायचं काम तरी घरातल्या पुरुषांनी करावं, एवढं म्हणायचा हक्क आपल्याला आहे.

मात्र पाळीचा दिवस नक्की असेल तरच हे जमतं. ‘उद्या पाणी’ म्हणतात आणि उद्या मोटार जळते, परवा लाइट नसते. एकदा फसलेली बाई पुन्हा तळाची बादली कशी रिकामी करेल? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की धुराच्या मशीनपेक्षा पाण्याचं वेळापत्रक हा डेंग्यूवरचा मोठा उपाय आहे. वॉर्डावॉर्डात फळ्यावर लिहा, बदल झाला तर घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगा. यात खर्च असा कितीसा?

आता आजारी पडल्यावरचं. डेंग्यूच्या तापात पहिले पाच दिवस रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. हा डास दिवसा चावतो, आणि रुग्णाला चावून तोच पुढं घरातल्या पोरांना चावतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणू नका, रक्तस्राव वाढू शकतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना लांबवू नका. आणि प्लेटलेटचा आकडा रोज फोनवरून सगळ्या नातेवाइकांना सांगण्यापेक्षा रुग्ण पाणी किती पितोय, लघवी किती होतेय, ते बघा.

सगळ्यात मोठा धोका ताप उतरल्यावर असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो आणि नेमकं तेव्हाच काहींची प्रकृती ढासळते. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, खूप गळून जाणं किंवा बेचैनी, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र आहे म्हणून थांबू नये.

हे बायकांना मुद्दाम सांगते. आमच्या मागच्या गल्लीतल्या वहिनींचा चौथ्या दिवशी ताप उतरला. चार दिवसांची धुणी साठलेली, सासूबाईंचं पथ्याचं जेवण राहिलेलं. त्या उठल्या आणि कामाला लागल्या. दुपारी पोटात कळा येत होत्या, त्या म्हणाल्या, ‘उपाशीपोटी ॲसिडिटी झाली असेल.’ संध्याकाळी मोरीत चक्कर येऊन पडल्या तेव्हा कुठं रिक्षा बोलावली. वाचल्या, पण आठ दिवस सलाइनवर होत्या. त्यांच्या मुलाला त्याच महिन्यात साधा ताप आला होता, तर त्याला पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेलं होतं.

आम्ही वेळापत्रकाचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय. पुढच्या सोमवारी पंधरा-वीस जणी पुन्हा जाणार आहोत. जाताना एका बाटलीत अळ्या भरून नेणार आहोत, साहेबांच्या टेबलावर ठेवायला. झाकण घट्ट लावून, अर्थातच!