शेजारधर्म

मुंबईच्या उपनगरांत, बोरिवली व मुलुंड यांच्या दरम्यान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आहे. तेथे बिबटे राहतात. २००४ साली त्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे प्राणास मुकली. ‘बिबटे पकडून दूर न्या,’ अशी ओरड झाली. परंतु एक नेला, तरी त्या मोकळ्या जागी दुसरा येतो. खरे कारण माणसाच्याच दारी असते. उकिरड्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्या येतो. २०११ सालापासून वनखाते व जागरूक नागरिक हेच लोकांना समजावू लागले. वारली लोक तर वाघोबाला देव मानून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहत आले आहेत. कचरा साचू देऊ नये, अंधार पडल्यावर मुलांनी एकटे हिंडू नये. एवढा शेजारधर्म नगरवासीयांनी पाळला, तर माणूस निर्भय राहील आणि बिबट्याचे रानही त्याचेच राहील.