आधी आवाज ऐका!

ऑफिसची घाई आणि बाबांची जुनी मारुती ८०० किल्ली फिरवूनही ढिम्म? बॉस, लगेच नव्या बॅटरीसाठी नाना पेठ गाठू नका. आधी आवाज ऐका. नुसतंच 'कट-कट-कट' आणि दिवे मंद? मग बॅटरी उतरलीय, नाहीतर टर्मिनलवर पांढरा थर साचलाय. वायरी काढून (निगेटिव्ह आधी!) खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. दिवे लख्ख पण एकच 'टक'? स्टार्टरवर संशय घ्या. इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही? मग बॅटरी बिचारी निर्दोष! पेट्रोल, प्लग बघा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये ओल शिरते, ती कोरड्या फडक्याने पुसा. आणि कार्बोरेटरवाली असेल तर चोक ओढलात ना?