दोन वह्यांचा मेळ कोण घालणार ?

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं करडीच्या बाजारांतील दुकानापासून तुमसरच्या राइस मिलपर्यंत नव्या वहीची पूजा होते. पहिल्या पानावर 'श्री' लिहिलें जातें, कुंकवाचें स्वस्तिक निघतें आणि घरधनी हात जोडतो. ही चाल चांगली आहे. तिला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु पूजेनंतर वर्षभर ती वही किती जण वाचतात, आणि बँकेच्या वहीशीं ती किती जण ताडून पाहतात, हें विचारणें आम्हांस प्राप्त आहे. वही पुजल्यानें लक्ष्मी येत असेल. पण ती टिकते वही वाचल्यानें.

जुन्या दुकानदाराची रीत आठवा. रात्रीं कुलूप घालण्यापूर्वीं तो गल्ल्यांतील रोकड मोजी, रोजकीर्दीच्या शिलकेशीं ती जुळवी, आणि आठ आणे कमी भरले तर ते कोठें गेले हें सांपडेपर्यंत जेवावयास उठत नसे. आज गल्ल्यांतला पैसा बँकेंत गेला आहे. धानाचा चुकारा शेतकऱ्याच्या खात्यांत येतो, उधारी यूपीआयनें फिटते, आणि मिलचें देणें दुकानदार चेकनें भागवितो. पेटी बदलली, ती मोजण्याची रीत मात्र आम्ही मागेंच टाकून आलों. बँकेचा खातेउतारा आपल्या वहीशीं ओळीनें ओळ ताडणें, हेंच आतां रात्रीची रोकड मोजणें होय.

एक उदाहरण घेऊं. समजा, महिनाअखेर एका दुकानदाराच्या वहींत बँकेंतील शिल्लक ८४,३०० रुपये आहे, आणि उताऱ्यांत ९७,१५० रुपये दिसतात. १२,८५० रुपये अधिक पाहून जो खूष होईल तो व्यापारी नव्हे. ताडून पाहतां चार गोष्टी निघतात. मिलला दिलेला १८,००० रुपयांचा चेक मिलवाल्यानें अद्याप बँकेंत टाकलेला नाहीं. गिऱ्हाइकाचा ६,५०० रुपयांचा चेक आपण भरला, पण तो अजून वटला नाहीं. बँकेनें आपल्या सेवेचे ३५० रुपये कापले, त्याची नोंद वहींत नाहीं. एका उधारवाल्यानें १,७०० रुपये परस्पर खात्यांत पाठविले, तेही लिहावयाचे राहिले. पहिल्या दोन गोष्टी केवळ काळाच्या फरकाच्या आहेत. उताऱ्याच्या आंकड्यांतून १८,००० वजा करावे व ६,५०० मिळवावे. दुसऱ्या दोन आपल्या वहींतील उणिवा आहेत; त्या आजच कीर्दींत घ्याव्या. तसें केलें कीं दोन्हीं बाजूंस ८५,६५० रुपये येतात. हीच त्याची खरी शिल्लक. उताऱ्याच्या आंकड्यावर भिस्त ठेवून त्यानें ९५,००० रुपयांचा दुसरा चेक लिहिला असता, तर दोहोंपैकीं एक चेक परत गेला असता, आणि त्याच्याबरोबर बाजारांतील पतही गेली असती.

ही किराणा दुकानाची क्षुल्लक गोष्ट आहे असें कोणीं समजूं नये. नागपूर आपल्यापासून दूर नाहीं. तेथील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनें खासगी दलालांमार्फत सरकारी रोखे घेण्यास पैसा दिला. पैसा गेला, रोखे मात्र बँकेच्या हातीं आले नाहींत. सुमारें दीडशें कोटी रुपयांचें हें प्रकरण २००२ सालीं उघडकीस आलें, आणि डिसेंबर २०२३ मध्यें नागपूरच्या न्यायालयानें बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांस दोषी ठरविलें. त्या निकालावर अपीलही झालें. व्यक्तींचा न्याय न्यायालयें करितील. आमचें म्हणणें पद्धतीविषयीं आहे. वहींत लिहिलेले रोखे आणि प्रत्यक्ष ताब्यांतील रोखे यांचा मेळ कोणी वेळच्या वेळीं मागितला असता, तर शेतकऱ्यांच्या ठेवींवर हा प्रसंग आला असता काय ?

मोठ्या बँकाही याला अपवाद नाहींत. मुंबईंत पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेंतून परदेशीं हमीपत्रें जात राहिलीं. संदेश एका यंत्रांतून बाहेर पडत होते आणि बँकेचा मुख्य हिशेब दुसऱ्या यंत्रांत होता. पहिल्यांतील नोंद दुसऱ्यांत केलीच जात नव्हती. २०१८ च्या फेब्रुवारींत हा प्रकार जाहीर झाला तेव्हां आंकडा अकरा हजार कोटींच्या वर होता; पुढें तो तेरा हजार कोटींपलीकडे गेला. एवढी यंत्रसामग्री असून दोष निघाला तो आमच्या आजोबांस ठाऊक असलेलाच : दोन वह्या होत्या, आणि त्या कोणी समोरासमोर ठेवल्या नाहींत.

आतां कायद्याकडे वळूं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याचें २८ वें कलम असें सांगतें कीं, धंद्याच्या ओघांत नियमितपणें ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांतील नोंदी न्यायालयांत ग्राह्य आहेत. पण केवळ त्यांवरून कोणावर देणें लादतां येत नाहीं. १८७२ च्या जुन्या कायद्याचें ३४ वें कलमही हेंच सांगत होतें. १९९८ सालीं जैन हवाला प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सुटे कागद म्हणजे वही नव्हे असा निर्णय दिला. तेव्हां चिठ्ठ्याचपाट्यांवर उधारी लिहून त्या तारेला टोंचणाऱ्यांनीं सावध व्हावें. आपली नोंद खरी आहे एवढें पुरत नाहीं. दुसऱ्या कोणाच्या नोंदीनें तिला दुजोरा मिळाला पाहिजे, आणि बँकेचा उतारा हा तसा साक्षीदार आहे.

कायदा मुदतीही घालतो. चेक न वटतां परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आंत लेखी नोटीस दिली नाहीं, तर १३८ व्या कलमाखालील फिर्यादीचा मार्ग बहुधा बंद होतो. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसतां तिऱ्हाइतानें खात्यांतून पैसा काढला, तर तीन कामाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर कांहींच बोजा पडूं नये. ज्यानें उतारा दिवाळींतच पाहावयाचा असें ठरविलें आहे, त्याला तीन दिवसांच्या या सवलतीचा काय उपयोग ?

यावर दोन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. एक असा कीं, 'आमचा मुनीम विश्वासू आहे.' असेल, त्याचा विश्वास टिकावा म्हणूनच मेळ घाला. ज्या दिवशीं हिशेब चुकेल त्या दिवशीं संशय प्रथम त्याच्यावरच येईल, आणि जुळणीचा कागद हीच त्या प्रामाणिक माणसाची ढाल होईल. दुसरा आक्षेप असा कीं, 'वर्षाच्या शेवटीं हिशेबतपासनीस पाहतोच.' दुखणें अंगावर काढून वर्षानें वैद्याकडे जाणारास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग पैशाच्या बाबतींतच ती शहाणपणाची गोष्ट कशी ठरते?

उपाय खर्चाचा नाहीं. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीं उतारा घ्यावा, जुळलेल्या प्रत्येक रकमेवर खूण करावी, न जुळलेल्या रकमा एका कागदावर तारखेसह लिहाव्या, आणि त्यावर मालकानें स्वतः सही करावी. ज्यानें चेक लिहिले त्यानेंच मेळ घालूं नये. ते काम दुसऱ्या हातानें व्हावें. बँक जुळवणी पत्रक अकरावीच्या वाणिज्य शाखेंत शिकवितात. घरचा शिकता मुलगा वा मुलगी हें अर्ध्या तासांत करील, आणि बापाच्या धंद्याची ओळखही त्यांस आपोआप होईल.

सहकारी संस्थांच्या व पतसंस्थांच्या सभासदांस आमचें एवढेंच सांगणें आहे. वार्षिक सभेंत चहा घेण्यापूर्वीं उभे राहा आणि विचारा : ३१ मार्चचें बँक जुळवणी पत्रक कोठें आहे ? तें दाखविणारा चालक लाजणार नाहीं, आणि जो लपवील त्याचें उत्तर तुम्हांस तेथेंच मिळेल. स्वतःच्या पैशाचा हिशेब मागण्यास जो संकोचतो, त्यानें राज्यकर्त्यांकडे देशाचा हिशेब कोणत्या तोंडानें मागावा ?