काळ्याचं पांढरं

देवानं मराठी मध्यमवर्गाला दोन हात दिले ते घासण्यासाठी, अशी माझी आता जवळजवळ खात्री झाली आहे. आपण भांडी घासतो, फरशी घासतो, नळाची तोटी घासतो, आणि कुणी काही नवं करायला निघालाच तर "त्यात काय एवढं?" असं म्हणून त्याचा उत्साहही घासून गुळगुळीत करतो. या सगळ्याला माझी हरकत नाही. माझं भांडण आहे ते एकाच घासण्याशी, आणि ते म्हणजे घरातले जुने चांदीचे रुपये घासण्याशी.

धनत्रयोदशी जवळ आली की रेवस-मांडव्यापासून मुरुडपर्यंत घराघरांत कपाटातले डबे खाली येतात. त्यांतून राणीछाप, राजाछाप रुपये बाहेर पडतात. मग चिंच, लिंबू, राख, रांगोळी, दंतमंजन अशी आयुधं परजून घरातली मंडळी त्या म्हाताऱ्यांवर तुटून पडतात. शंभर-सव्वाशे वर्षं खपून हवेनं जे काम केलेलं असतं, त्याचा पंधरा मिनिटांत निकाल लागतो. रुपये स्टीलच्या चमच्यासारखे चकाकू लागतात आणि घासणारा धन्य होऊन म्हणतो, "बघा, कसा नवा कोरा दिसतोय!"

अहो, नवा कोराच हवा होता तर बँकेत जायचं! तिथे रुपयाला एक मिळतो.

तुम्ही म्हणाल, मग काळाकुट्ट ठेवायचा की काय? इथेच तर घोटाळा आहे. चांदीवर जे चढतं त्याला आपण सरसकट 'काळं पडणं' म्हणतो आणि मोकळे होतो. नीट पाहिलं तर ते काळं नसतं. एखादा जुना रुपया खिडकीपाशी नेऊन जरा तिरका धरा. मध्यावर मधासारखा पिवळा, त्याच्याबाहेर तांबूस, मग जांभळा आणि पार कडेला मोराच्या गळ्यासारखा निळा. इतके रंग एका रुपयात! पैठणीत इतके रंग निघाले असते तर दुकानदारानं त्याची वेगळी किंमत लावली असती.

हे रंग येतात कुठून? आपल्या किनाऱ्यावर तर त्यांचा कारखानाच आहे. ओहोटीच्या वेळी खाजणातल्या, कांदळवनातल्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मुंबईचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात तोच. तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा वास. हा वायू हवेत नावापुरताच असतो, पण चांदीला तेवढा पुरतो. गंधक आणि चांदी एकत्र येऊन रुपयावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. या थरावर वरून एकदा आणि खालून एकदा असा दोनदा प्रकाश परततो आणि त्या दोन प्रकाशांच्या गाठीभेटीत रंग उमटतात. पावसाळ्यात एस. टी. स्टँडवरच्या डबक्यात डिझेलचा तवंग इंद्रधनुष्यासारखा दिसतो, त्यातलंच हे शास्त्र. थर पातळ असला की सोनेरी, वाढला की जांभळा, निळा. आणि फारच जाड झाला की मग खरोखरच काळा. म्हणजे काळेपणा हा शेवटचा मुक्काम आहे. आपण पहिल्याच स्टेशनवर आरडाओरडा करून गाडी थांबवतो.

आता हिशेबाचं बोलू, कारण मराठी माणसाला सौंदर्य पटलं नाही तरी हिशेब पटतो. तो थर म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे; त्यातला मोठा हिस्सा त्या रुपयाचीच चांदी आहे. थर घासून काढला म्हणजे तेवढी चांदी मोरीत गेली. खालून ताजी चांदी उघडी पडली, ती पुन्हा हवा खाणार, पुन्हा काळवंडणार, पुढच्या दिवाळीला तुम्ही पुन्हा चिंच भिजत घालणार. १८३५ साली कंपनी सरकारनं रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरवलं. बारा भागांत अकरा भाग चांदी. हेच एक तोळ्याचं वजन. म्हणून तर आपल्याकडे 'रुपयाभार' हे मापच होतं. ज्या रुपयानं अख्ख्या गावाचं सोनंनाणं तोललं, त्याचंच वजन आपण दरवर्षी रांगोळीनं कमी करतो आणि त्याला स्वच्छता म्हणतो!

राणीच्या रुपयाचं एक वेळ जाऊ द्या. ते कलदार, यंत्रावर पाडलेले. एक घासला तर दुसरा मिळेल. पण या किनाऱ्यावरच्या डब्यांत कधीकधी ओबडधोबड, जाडजूड, फारसी अक्षरांचा एखादा रुपया निघतो आणि "हा कसला वेडावाकडा" म्हणून त्यालाच जास्त जोरात घासलं जातं. तो आंग्र्यांचा अलिबागी रुपया असू शकतो, किंवा जंजिऱ्याच्या सिद्दीचा. दिल्लीचा बादशहा नावापुरता उरला होता तेव्हाही मराठी टांकसाळी रुपये पाडत त्या त्याच्याच नावानं, फारसीत. हातानं ठोकलेलं नाणं. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अक्षरं आधीच अर्धीमुर्धी उमटलेली. ओळख पटवायची ती त्या अर्ध्या अक्षरांवरून आणि एखाद्या बारीक खुणेवरून. तीच चिंचेनं आणि राखेनं गुळगुळीत केली की उरतो चांदीचा बत्तासा. कुलाब्याचं संस्थान १८४० साली इंग्रजांनी खालसा केलं. ती टांकसाळ काही पुन्हा उघडणार नाही.

'अलिबागसे आया है क्या?' या वाक्यावर बंदी घालावी म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली होती. न्यायालयानं ती फेटाळली. मला वाटतं, याचिकेपेक्षा एक न घासलेला अलिबागी रुपया पुढे केला असता तर काम झालं असतं. ज्या गावचं स्वतःचं नाणं बाजारात चालत होतं, त्या गावच्या माणसाला खुळा कोण म्हणणार? पण पुरावाच आपण मोरीत वाहून घालवला, तर वकील तरी काय करणार!

आमच्या वहिनींचं उदाहरण सांगतो. वहिनींनी सासूबाईंचे चांदीचे तोडे लख्ख घासून ठेवले, आणि त्याच आठवड्यात प्रदर्शनात जाऊन 'ऑक्सिडाइज्ड' गळ्यातलं घेऊन आल्या. मी विचारलं, "वहिनी, ऑक्सिडाइज्ड म्हणजे काय हो?" तर म्हणाल्या, "भाऊजी, त्याला जुना लुक असतो." म्हणजे जे हवेनं फुकट काळं केलं ते घासायचं, आणि जे कारागिरानं गंधकाच्या औषधात बुडवून काल दुपारी काळं केलं ते पैसे मोजून आणायचं! देशात काळ्याचं पांढरं करणारे पुष्कळ आहेत, पण पांढऱ्याचं काळं विकत घेऊन खऱ्या काळ्याचं पांढरं करणारे आपणच.

तिकडे अमेरिकेत मॉर्गन डॉलर नावाचं चांदीचं नाणं होतं. १८७८ पासून पाडलेली ही नाणी कापडी पोत्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत वर्षानुवर्षं पडून राहिली. पोत्याला टेकलेल्या नाण्यांवर रंग चढले, काहींवर तर कापडाच्या विणीसकट. १९६० नंतरच्या वर्षांत ती पोती फुटली तेव्हा संग्राहकांनी हे रंगीत डॉलर हुडकून काढले, आणि आजही ते साध्या पांढऱ्या डॉलरच्या कितीतरी पट भावानं घेतात. अमेरिकन करतात म्हणून आपण करावं असं मी म्हणत नाही. त्यांचं पाहून आपण पुष्कळ काही केलेलं आहे. पण गंमत ऐका. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक रुपये दाबून ठेवू लागले, चांदी कमी पडली. तेव्हा १९१८ सालच्या पिटमन कायद्यानं अमेरिकेनं सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले आणि त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटननं हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकत घेतली. म्हणजे त्या डॉलरांचे भाऊबंद तुमच्या डब्यातल्या पंचम जॉर्जच्या पोटात असण्याची शक्यता आहे. तिकडचा भाऊ काचेच्या कपाटात, इकडचा मोरीवर!

आता सगळ्यात अवघड हरकत. ती आमच्या नागावच्या आत्यांनी घेतली. म्हणाल्या, "अरे, लक्ष्मीपूजनाला काळी लक्ष्मी मांडायची का? काहीतरीच तुझं!" आत्यांपुढे गंधकाचं शास्त्र चालत नाही. म्हणून मी विचारलं, "आत्या, विठोबा कसा आहे?" आत्या म्हणाल्या, "सावळा." "मग त्याला कुणी घासून गोरा केलाय का?" आत्या गप्प. मुद्दा थट्टेचा नाही. पंढरपूरची मूर्ती तर दगडाची. तीही भक्तांच्या हातांनी आणि अभिषेकांनी झिजू लागली म्हणून तिला वज्रलेप करावा लागला, २०२० सालीही. भक्तीनं दगड झिजतो, तिथे चांदीचं काय घेऊन बसलात! पूजेला सराफाकडून लक्ष्मीचा छाप असलेलं नवं नाणं आणा, त्याला हवं तितकं पंचामृत घाला, हवं तितकं घासा. म्हाताऱ्यांना मात्र डब्यातूनच नमस्कार करा. आत्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण यंदा चिंच आमटीत गेली.

घासणाऱ्यांपेक्षा वाईट एकच, वितळवणारा. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या वर गेली आणि कितीतरी डबे थेट सराफाकडे मोडीत गेले. सराफ वजन बघतो. आंग्रे, सिद्दी आणि व्हिक्टोरिया त्याच्या काट्यावर सारखेच. अडचण असेल त्यानं जरूर विकावं, पण आधी कुणा जाणकाराला दाखवून. वितळवलेल्या रुपयाचं निरांजन होतं. निरांजनाचा पुन्हा रुपया होत नाही.

म्हणून म्हणतो, संग्रह सुरू करा, आणि तो घरच्या डब्यापासूनच करा. श्रीमंती लागत नाही, आळस लागतो. पंचम जॉर्जचे रुपये भरपूर मिळतात. १९११ चा मिळाला तर राजाच्या झग्यावरचा हत्ती बघा. तो लोकांना डुक्कर वाटला आणि सरकारला पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला. व्हिक्टोरियाचा १८६२ चा मिळाला तर तो १८६२ चाच असेल असं समजू नका, कारण १८७४ पर्यंत टांकसाळ रुपयावर तेच साल टाकत होती. सरकारी कॅलेंडर तेव्हाही असंच चालायचं. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तिथे रंगाची आशा धरू नका.

नाणं कडेनं धरा, तोंडावर बोटं उमटवू नका. रबरबँड, लोकरी कपडे आणि वर्तमानपत्राचा कागद यांच्यापासून लांब ठेवा. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात तर मुळीच नको, त्यानं हिरवा चिकट रोग लागतो. बुटांच्या खोक्यात जेलच्या पुड्या येतात त्यातली एक डब्यात टाका. आपल्या हवेत दमट फार झालं की रंग टप्पे न घेता थेट काळ्यावर जातो. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, चोळू मात्र नका. आणि चिठ्ठीवर लिहा, हा रुपया कुणाचा, कुणाच्या मुंजीत आला, कुणी जपला. वाडीत खणताना मडकं सापडलं तर मात्र संग्रह नाही, कलेक्टर! १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन कळवावं लागतं, आणि आज दहा रुपयांहून कमी किमतीचं गुप्तधन सापडणं कठीण आहे.

बाजारात जाल तर दोघांपासून सावध राहा. एक, गंधकाची धुरी देऊन रंग चढवणारा. त्याचे रंग नाटकातल्या राजासारखे भडक असतात आणि झिजल्या-ओरखडल्या भागावरही सारखेच फासलेले असतात. खरा रंग एकातून दुसऱ्यात हळूहळू उतरतो. दुसरा, ईस्ट इंडिया कंपनीचा राम-सीता किंवा मारुती असलेला 'चमत्कारी' रुपया लाखाला विकणारा. कंपनीनं पुष्कळ उद्योग केले, पण रामाचं नाणं कधी पाडलं नाही.

एवढं करूनही हात शिवशिवत असतील, तर मुंबईत फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं किंवा नाशिकजवळ अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय बघून या. तिथे काचेमागे शेकडो जुनी नाणी आहेत. त्यांच्याशेजारी चिंचेची वाटी कुठे दिसते का, तेवढं पाहा. दिसली तर मला कळवा. मी माझे शब्द मागे घेईन आणि तुमच्या घरचे रुपये स्वतः येऊन घासून देईन.